कवचित कक्षाची रेडिओ-चाचणी

रेडिओ लहरींना मज्जाव करण्यासाठी तांबे, ॲल्युमिनियम किंवा जस्तलेपित पोलादी पत्र्याने मढवलेली खोली त्या लहरी प्रत्यक्षात किती अडवते, हे मोजण्याची पद्धत. मायकेल फॅराडे यांचा १८३६ मधील पिंजऱ्याचा प्रयोग हे अशा खोल्यांचे मूळ. रुग्णालयातील एमआरआय कक्ष हे परिचित उदाहरण : १.५ टेस्लाच्या यंत्रात हायड्रोजनचा संकेत सुमारे ६४ मेगाहर्ट्‌झला मिळतो आणि तो इतका क्षीण असतो, की बाहेरचा गोंगाट आत शिरला तर चित्रावर रेघा उमटतात.

प्रक्षेपक व ग्राहक अँटेना आधी मध्ये आडोसा नसताना ठरावीक अंतरावर ठेवून संदर्भमापन घेतात. मग तेवढ्याच अंतरावर, पण मध्ये भिंत ठेवून. दोन्ही मापनांतील डेसिबेलमधला फरक म्हणजे कवचाची परिणामकारकता. १०० डेसिबेल म्हणजे क्षेत्रतीव्रता एक लाखांशावर येणे. कमी वारंवारतेला वलयाकार, तर गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात कर्ण्याच्या आकाराचा अँटेना वापरतात. किमान २ मीटर बाजूच्या कक्षांसाठी आयईईई २९९ हे मानक प्रचलित आहे.

सलग पत्रा सहसा दगा देत नाही. गळते ते दार. चौकटीभोवतीच्या स्प्रिंगसारख्या धातूच्या पट्ट्या रोजच्या उघडझापीने वाकतात, मळतात, आणि केसाएवढी पण लांबट फटही अँटेनासारखी वागते. म्हणून ग्राहक अँटेना दाराच्या कडेने सावकाश फिरवून सर्वांत वाईट आकडाच नोंदवतात. सरासरी येथे फसवी ठरते. वीजतारा गाळणीतून आणि हवा मधपोळ्यासारख्या धातूच्या जाळीतून आत घेतात. तेही सांधे तपासावे लागतात. पहिली चाचणी आतली सजावट होण्यापूर्वीच उरकणे शहाणपणाचे, कारण नंतर सापडलेल्या गळतीसाठी भिंतीचे आवरण उखडावे लागते.