चालता ट्रक आणि डिझेलची वाट

चालता ट्रक रस्त्यात अचानक बंद पडला तर दोष कुठे शोधायचा, ही विद्या यवतमाळ जिल्ह्यात कापूस आणि कोळसा यांच्या वाहतुकीबरोबर वाढली. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ ही रेल्वे कापूस नेत असे. पण मुंबई–नागपूर लोहमार्गावरचे जवळचे स्टेशन धामणगाव, तेही शेजारच्या अमरावती जिल्ह्यात. तिथपर्यंतचा माल रस्त्यानेच न्यावा लागे. दक्षिणेकडे वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी अशी गावे घेत नागपूर–हैदराबाद महामार्ग जातो. वणी तालुक्यात कोळसा. १९७३ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स स्थापन झाली आणि कोळसा वाहणाऱ्या ट्रकांची वर्दळ वाढत गेली.

सुरुवातीचे ट्रक पेट्रोलवर चालत. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली. पुढे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून डॉज आणि फार्गो ट्रक निघू लागले. पेट्रोल इंजिनाला इंधनाइतकीच ठिणगी लागते, म्हणून शोध दोन दिशांनी चाले. आधी प्लगची वायर काढून इंजिनच्या धातूजवळ धरायची आणि ठिणगी उडते का ते पाहायचे. उडत असेल तर कार्बोरेटर उघडायचा. विदर्भातल्या मे महिन्यात तिसरे कारणही असे. नळीतले पेट्रोल उन्हाने आणि इंजिनाच्या धगीने उकळून त्याची वाफ होई, पुरवठा तुटे आणि गाडी थांबे. इंधनाच्या पंपावर ओले फडके टाकून वाट पाहणे हा त्यावरचा सर्वांत सोपा उपाय होता.

१९५४ मध्ये टेल्कोने जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरहून डिझेल ट्रक येऊ लागले. त्याच दशकात अशोक लेलँडच्या गाड्याही रस्त्यावर आल्या. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये दाबली गेलेली हवा इतकी तापते की तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. त्या काळचे इंजिन एकदा सुरू झाले की बॅटरीची तार सुटली तरी चालत राही. निदानाच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल हाच म्हणावा लागेल, कारण मिस्त्रीपुढचा प्रश्न जवळजवळ एकावर आला: डिझेल पोचते आहे का? टाकी, फीड पंप, फिल्टर, मुख्य पंप, नोझल अशी ती वाट. बॉशने जर्मनीत १९२७ मध्ये डिझेल पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले होते; भारतात १९५१ मध्ये बंगळूरला मायको कंपनी स्थापन झाली आणि मायकोचा पंप इथल्या ट्रकांत सर्रास दिसू लागला.

पान्हा हातात घेण्याआधी जाणता मिस्त्री ड्रायव्हरला विचारी की गाडी बंद पडली कशी. चढावर ओढ कमी होत, झटके देत थांबली, तर डिझेल कमी पडते आहे. चावी फिरवल्यासारखी एकदम गप्प झाली, तर स्टॉपरची तार अडकली का, हे आधी पाहायचे. कारण ती तार पंपाचे डिझेलच तोडते. थोडा वेळ उभी राहिली की पुन्हा सुरू होते आणि काही मैलांवर पुन्हा थांबते, अशी तक्रार असेल तर टाकीचे झाकण उघडायचे. हवा आत शिरल्याचा फुस्स आवाज आला म्हणजे झाकणाचे हवेचे भोक धुळीने बुजले आहे: डिझेल बाहेर जाते, जागा भरायला हवा आत येत नाही, आणि पंपाची ओढ अपुरी पडते. एवढ्याशा भोकापायी भरलेला ट्रक अडून बसे.

सर्वांत नेहमीचा दोष मात्र ‘गाडीनं हवा घेतली’ हा. नळीच्या जोडातून किंवा झिजलेल्या कॉपर वॉशरमधून हवा आत ओढली जाते. हवा दाबली जाते, त्यामुळे पंपाचा जोर नोझलपर्यंत पोचतच नाही. उपाय ठरलेला. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा आणि हाताने प्रायमर मारत राहायचे. आधी फेस येतो, मग बुडबुडे, आणि शेवटी डिझेलची एकसंध धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. दोष टाकीकडे आहे की पंपाकडे, हे ठरवण्याची युक्तीही साधी होती. डिझेलचा डबा उंचावर ठेवून त्याची नळी थेट फीड पंपाला लावायची. गाडी नीट चालली तर खोट मागच्या वाटेत, म्हणजे टाकीत किंवा नळीत. इतक्या थोड्या साधनांत इतका नेमका निकाल देणारी दुसरी चाचणी क्वचितच सापडेल.

ही विद्या मुख्यतः रस्त्याकडेच्या गॅरेजांत हाताखाली राहून शिकली जाई. क्लीनरचा ड्रायव्हर होई, हेल्परचा मिस्त्री होई. दुसरी वाट एसटीच्या कार्यशाळा आणि आयटीआयमधील ‘मेकॅनिक डिझेल’ या अभ्यासक्रमाची. पंप आणि नोझल यांचे काम मात्र वेगळे पडले, कारण ते तपासायला खास यंत्र लागते.

प्रदूषणाचे नियम कडक झाले तसे पुढचे वळण आले. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली. नव्या ट्रकांत बहुतेक कॉमन रेल, म्हणजे सगळ्या नोझलना डिझेल पुरवणारी एकच दाबाची नळी, आली, आणि डिझेल किती व केव्हा फवारायचे हे संगणक ठरवू लागला. क्रँकच्या सेन्सरचा संकेत तुटला की संगणक फवारा बंद करतो. म्हणजे टाकी भरलेली, फिल्टर स्वच्छ, तरी ट्रक थांबू शकतो. हादऱ्यांनी घासलेली वायर, बॅटरीचे सैल टर्मिनल, तापल्यावरच दगा देणारा सेन्सर ही कारणे यादीत वर चढली. विजेचा दोष पेट्रोल ट्रकांबरोबर मागे पडला होता. तो असा परत आला.

जुन्या सवयींपैकी एक तर जिवावर बेतणारी ठरली. इंजिन चालू ठेवून नोझलच्या नळ्यांचे नट एकेक करून सैल करायचे आणि आवाज बदलतो का ते ऐकायचे, अशी पूर्वी रीत होती. ज्या सिलिंडरला फरक पडत नाही तो निकामी. जुन्या गाड्यांत नोझल दोनशे बारच्या आसपास उघडे. कॉमन रेलमधला दाब हजार बारच्या वर जातो, आणि त्या धारेने कातडी फाटून डिझेल शरीरात शिरते. अशा गाडीवर ही चाचणी करायचीच नसते.

आता आधी स्कॅनर लावून कोड वाचला जातो. रेलमधला दाब घटला, एवढे कोड सांगतो. तो का घटला हे सांगत नाही. म्हणून त्यानंतर फिल्टरच्या तळाचे पाणी काढून पाहतात आणि टाकीकडून येणाऱ्या कमी दाबाच्या वाटेत पारदर्शक नळी जोडून बुडबुडे दिसतात का ते बघतात.