जमिनीला चकाकी किती हवी?

रौप्यमहोत्सवी वर्षात आपल्या सभागृहाला सागवानी लाकडाची जमीन करायची, हे सर्वसाधारण सभेत ठरलं. त्यावर आरशासारखं ग्लॉसी पॉलिश हवं की मंद, यावर मात्र अजून एकमत नाही. स्मरणिका समितीने ‘काहीतरी इतिहासाचं लिहा’ म्हणून सांगितलं, तेव्हा म्हटलं, याच विषयाचा इतिहास सांगावा.

माझं मूळ गाव राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यातलं पासली. वेल्ह्याहून केळद, मढे घाटाकडे जाताना ते लागतं. घाटमाथ्याचा पाऊस, त्यामुळे चार महिने सगळीकडे ओल. घरातली जमीन मातीची, चोपून घट्ट केलेली, वर शेणाचं सारवण. माळ्यावर फळ्या, त्यांना पॉलिश कसलं? चुलीचा धूर आणि अनवाणी पाय, एवढाच त्यांचा संस्कार. घाट उतरून कोकणात गेलं की लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल लावायची रीत होती, पण ती वाळवीसाठी. चमक हवी म्हणून कोणी तेल लावत नव्हतं.

पुण्याच्या वाड्यांतही वरचे मजले लाकडावरच उभे असत. तुळया, कड्या, त्यावर पाट, म्हणून त्याला कडीपाट म्हणत. पुष्कळ वाड्यांत पाटांवर मातीचा थर देऊन तोही सारवत. शनिवारवाड्याचे लाकडी मजले १८२८ च्या आगीत गेले. पण दुसऱ्या बाजीरावांनी १८०७ च्या सुमारास बांधलेल्या विश्रामबागवाड्यात सागवानी खांब आजही पाहता येतात. कारागिराने सगळी हौस खांबांवर आणि सज्जावर केली. पायाखालची जमीन साधी ठेवायची, हीच चाल होती.

मग चकाकी आली कुठून? १८७१ मध्ये मुंबई-मद्रास रेल्वेमार्ग रायचूरला जोडला गेला. शहाबाद याच मार्गावर, त्यामुळे शहाबादी फरशी पुण्यात सहज येऊ लागली. ती मुळात खरबरीत. १९२२ साली सिधवा कुटुंबाने मुंबईत भारत टाइल्स सुरू केली आणि परदेशी टाइल्सना स्वदेशी पर्याय मिळाला. पुढे घरोघरी मोझॅक आलं आणि त्याबरोबर घासायचं मशीन आलं. मशीनने दगड गुळगुळीत झाला, विजेच्या दिव्यात तो चमकू लागला, आणि चमकणारी जमीन म्हणजे बरी परिस्थिती असं समीकरण रुजलं. कोटा, संगमरवर, शेवटी व्हिट्रिफाइड टाइल्स. दर पायरीला चकाकी वाढतच गेली.

लाकडाची गोष्ट थोडी वेगळी. आमच्या बँकेचे जुने काउंटर फ्रेंच पॉलिशचे होते. लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने हात मारायचे. रूप देखणं, पण पाण्याचा थेंब राहिला की पांढरा डाग. म्हणून ते फर्निचरला ठीक, जमिनीला नाही. १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर यांनी पॉलियुरेथेनचा शोध लावला. त्यातून पुढे आलेलं पीयू पॉलिश चपला, पाणी, खुर्च्यांची ओढाताण सोसतं.

या पीयूमध्ये ग्लॉसी, सेमीग्लॉसी, सॅटिन आणि मॅट असे प्रकार मिळतात. चकाकी मोजायचं यंत्र असतं. ६० अंशांतून प्रकाश टाकून काळ्या गुळगुळीत काचेला १०० धरतात. त्या हिशेबात ग्लॉसी साधारण ७० च्या पुढे, सॅटिन ४० च्या आसपास, मॅट २५ च्या खाली. मॅट म्हणजे कमकुवत, हा समज चुकीचा आहे. त्यात सिलिकाची बारीक पूड असते, ती प्रकाश विखुरते, इतकंच. मात्र ही पूड डब्याच्या तळाशी बसते, म्हणून कारागिराने ती नीट ढवळून घेतली की नाही हे बघावं. नाहीतर एकाच सभागृहात दोन रंगछटा दिसतील.

ग्लॉसीचे गुण मी नाकारत नाही. लाकडाचा रंग खुलतो, जागा उजळ वाटते. पण धूळ, पावलं, खुर्चीचा प्रत्येक ओरखडा त्यावर उठून दिसतो. सॅटिनवर तेच झाकून जातं. शिवाय ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडलं की मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना ओलं कुठे आणि कोरडं कुठे, कळत नाही. गेल्या पावसाळ्यात आपल्या लॉबीच्या चकचकीत फरशीवर पाय घसरून एका आजींचा खुबा मोडला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. चकाकी आणि घसरण एकच नव्हे, ओल पुसलीच पाहिजे; पण ओल आधी दिसायला तर हवी!

पंचवीस वर्षांपूर्वी राहायला आलो तेव्हा आपल्यातले बहुतेक पन्नाशीच्या आत होते. आज सकाळच्या योगवर्गाला येणारे अर्धेअधिक सत्तरी ओलांडलेले आहेत. संध्याकाळी त्याच जमिनीवर नातवंडं धावणार आहेत. म्हणून माझं मत सॅटिनला. खालचे हात ग्लॉसीचे चालतील, शेवटचा हात सॅटिनचा असावा, कारण दिसणारी चकाकी शेवटच्या हाताचीच. आणि काही वर्षांनी पुन्हा पॉलिश करताना पुढच्या कमिटीला ती बदलायची असेल, तर खुशाल बदलावी. सभासदांनी येत्या सभेत याचा विचार करावा, ही विनंती.