थेंबाचा हिशेब

चकलीच्या पिठात मोहन घालताना आमच्या घरी अजून पळीचेच माप चालते. तेल थोडे कमीजास्त पडले, तर चकली फार तर कडक होते आणि घरची मंडळी ती निमूटपणे खातात. रक्ततपासणीला एवढी उदारता परवडत नाही. तिथे थेंबाच्या दहाव्या भागाची चूकदेखील धडधाकट माणसाला मधुमेही ठरवू शकते.

१९७० च्या सुमारास मी एका प्रयोगशाळेत उमेदवारी करीत होतो. हातात पिपेट नावाची, खुणा कोरलेली काचनळी असे. तिचे एक टोक रक्तद्रवात बुडवायचे, दुसरे ओठांत धरून हलकेच ओढायचे, आणि द्रव खुणेच्या वर आला की चटकन बोटाने नळीचे तोंड दाबायचे. एके दिवशी ओढ अंमळ जास्त झाली आणि कुणा अनोळखी रुग्णाचा रक्तद्रव माझ्या जिभेवर आला. खारट लागला, एवढे आठवते. पुढे दोन-तीन महिने मी रोज सकाळी आरशात डोळे पिवळे झाले का ते पाहत असे. आईला मात्र यातले काही सांगितले नाही. १८९३ साली एका डॉक्टरच्या तोंडात असेच विषमज्वराचे जंतू गेल्याची नोंद आहे; तेव्हा धोका कुणाला ठाऊक नव्हता, असे नाही!

गंमत अशी की, यावर उपाय निघूनही तेव्हा दहा-बारा वर्षे लोटली होती. जर्मनीत मारबुर्ग विद्यापीठात हाइनरिश श्निट्गर नावाचा संशोधक नळ्या ओढून ओढून विटला होता. १९५७ साली त्याने इंजेक्शनची एक बारीक पिचकारी घेतली, सुईच्या जागी प्लॅस्टिकचे टोक बसवले, दट्ट्याला स्प्रिंग लावली आणि दट्ट्याने किती वर यावे यालाच अटकाव केला. अंगठ्याने दाबा आणि सोडा. दट्ट्या सरकेल त्याच मापाने द्रव वर चढणार. मध्ये हवेची उशी असल्यामुळे द्रव पिचकारीला शिवतसुद्धा नाही. टोक बदलले की पुढचा रुग्ण. द्रव मोजायचाच नाही, दट्ट्याची धाव मोजायची, ही त्याची युक्ती. बिचारा १९६४ साली बव्हेरियातल्या एका तळ्यात बुडून वारला.

त्याच १९५७ साली अमेरिकेत, क्लीव्हलंडच्या लेनर्ड स्केग्ज यांचे ‘ऑटोअ‍ॅनलायझर’ हे यंत्र बाजारात आले. त्यात माणसाचा अंगठाही लागत नव्हता. लवचीक नळ्या शेजारीशेजारी मांडलेल्या, आणि त्यांना दाबत लाटण्यासारखे रूळ एकाच गतीने पुढे सरकत. मोठ्या पोकळीच्या नळीतून द्रव जास्त जाई, बारकीतून कमी. रक्त किती आणि रसायन किती, हे नळीची पोकळीच ठरवी. शिवाय मधूनमधून हवेचे बुडबुडे सोडलेले. ते नळी आतून पुसत जात आणि एकाचे रक्त दुसऱ्याच्यात मिसळू देत नसत. मला विचाराल, तर सगळ्या यंत्रात तो बुडबुडाच खरा बुद्धिमान!

आजच्या पुष्कळ यंत्रांत दट्ट्या पुन्हा आला आहे. त्याला आता मोटर ठरावीक पावलांनी सरकवते, आणि सुई द्रवाला टेकली की विजेतल्या सूक्ष्म फरकावरून यंत्राला ते कळते.

गेल्या महिन्यात माझेच रक्त अशा यंत्रातून गेले. तिथल्या मुलीला मी माझी जुनी हकीकत सांगितली. ती हातातले काम थांबवून म्हणाली,

“आजोबा, तोंडाने?”