एका ट्रकचे चार कागद : हुंडीपासून ई-इन्व्हॉइसपर्यंत

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या दिघोरीकडे दिवाळीच्या सुमारास हलक्या धानाची कापणी सुरू होते आणि पाठोपाठ राईस मिलच्या कचेरीत कागदांचा हंगामही. अशाच एका मिलमध्ये मी काही वर्षे बिले लिहिली. तांदळाचा ट्रक निघाला की त्याच्याशी चार कागद जोडलेले असत : खरेदीदाराची मागणी, वजनकाट्याची पावती, ट्रान्सपोर्टची बिल्टी आणि आमचे बिल. माल एकच, पण चार हातांनी चार वेळा लिहिलेला. एकदा बिलावर ‘एचएमटी’, बिल्टीवर नुसते ‘तांदूळ’ आणि कट्ट्यांच्या आकड्यात दोनचा फरक, एवढ्यावरून ट्रक खरेदीदाराच्या दारात दोन दिवस अडकला. खोळंब्याचे भाडे आमच्या अंगावर आले. तीच माहिती पुन्हा पुन्हा का लिहायची, हा प्रश्न तेव्हापासून मनात आहे.

प्रश्न जुना आहे आणि आपल्या व्यापाऱ्यांनी त्याचे एक उत्तरही शोधले होते. हुंडी ठरलेल्या साच्यातच लिहिली जाई. रक्कम आकड्यात, मग अक्षरात, आणि शिवाय तिची निमी रक्कम लिहून ‘तिची दुप्पट’ असा उल्लेख. एखाद्याने आकडा खोडून बदलला तरी निमे जुळत नसे आणि लबाडी उघडी पडे. अनोळखी गावचा सराफ हुंडी वटवी, त्यामागे पेढीच्या पतीइतकाच या साच्याचाही वाटा होता.

यंत्रयुगातली सुरुवात बर्लिनमध्ये झाली. १९४८ साली सोव्हिएत रशियाने शहराची नाकेबंदी केली, तेव्हा अन्न आणि कोळसा विमानांनी पोचवावा लागला. मालाच्या याद्या वेगवेगळ्या भाषांत आणि नमुन्यांत येत. अमेरिकन लष्करातील एडवर्ड गिल्बर्ट यांनी टेलेक्सवरून किंवा फोनवरूनही सांगता येईल अशी एकच यादी ठरवली. पुढे ड्यूपॉन्ट कंपनीत त्यांनी हाच विचार मालवाहतुकीला लावला. १९६८ मध्ये अमेरिकेत वाहतूक क्षेत्राची समन्वय समिती स्थापन झाली, १९७५ मध्ये तिचे पहिले नमुने छापले गेले आणि १९७९ पासून राष्ट्रीय पातळीवर ‘एक्स-१२’ हे प्रमाण घडू लागले. एका कंपनीच्या संगणकातून दुसरीच्या संगणकात, पुन्हा टंकन न करता कागद पाठवण्याच्या या पद्धतीला ईडीआय म्हणतात.

एक्स-१२ मध्ये प्रत्येक कागदाला क्रमांक आहे : मागणी ८५०, माल निघाल्याची आगाऊ सूचना ८५६, बिल ८१०. युरोपने आणि संयुक्त राष्ट्रसंघाने वेगळी वाट धरली. १९८७ मध्ये आयएसओची मान्यता मिळालेल्या ‘एडिफॅक्ट’मध्ये याच कागदांना ऑर्डर्स, डेसॅड्व्ह, इन्व्हॉइक अशी नावे आहेत. एक्स-१२ अमेरिकेतील कारखाने, दुकाने आणि वाहतुकीत रुजले, तर एडिफॅक्ट बंदरे, कस्टम आणि सरहद्दीपलीकडच्या व्यापारात. गंमत अशी, की दोन्हींत संदेशाच्या शेवटी एकूण ओळींची संख्या लिहावी लागते आणि ती जुळली नाही तर चूक लगेच पकडली जाते. हुंडीतल्या निम्याचेच हे काम.

दोन्हींचा दोषही एकच होता. संदेश मधल्या खासगी जाळ्यातून जात आणि त्याचे पैसे अक्षरांच्या हिशेबाने मोजावे लागत. मोठा खरेदीदार फर्मान काढी, खर्च छोट्या पुरवठादाराने सोसावा. १९९८ मध्ये ‘एक्सएमएल’ आले आणि त्यावर उभे राहिलेले ‘यूबीएल’ २००४ मध्ये खुले झाले. ते कोणालाही फुकट वापरता येते. २००८ मध्ये युरोपात सुरू झालेल्या ‘पेपोल’ने त्यासाठी जाळे दिले : विक्रेत्याने आपल्या सेवादात्याकडे बिल द्यायचे, त्याने ते खरेदीदाराच्या सेवादात्याकडे आणि तिथून थेट खरेदीदाराच्या हिशेबात पोचवायचे. टपाल खात्यासारखेच. पेटी आपल्या गावची, पत्र कुठेही.

आपल्याकडे देशभर एकच बिल-नमुना आला तो जीएसटीमुळे. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालासाठी ई-वे बिल लागू झाले. १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना व्यापाऱ्या-व्यापाऱ्यातील विक्रीसाठी ई-इन्व्हॉइस सक्तीचे झाले. ही मर्यादा उतरत १ ऑगस्ट २०२३ रोजी ५ कोटींवर आली. बिल सरकारी पोर्टलवर नोंदवले की ६४ अक्षरांचा क्रमांक आणि क्यूआर कोड मिळतो. इतक्या कमी काळात इतके व्यापारी एका साच्यात आणणे, हे काम मोठेच. पण पेपोलमध्ये बिल खरेदीदाराकडे जाते, आपल्याकडे ते आधी करखात्याकडे जाते. खरेदीदाराला ते विक्रेत्यानेच पोचवायचे. शिवाय एक्स-१२ मध्ये मागणीपासून बिलापर्यंत सारी साखळी आहे, आपल्या साच्यात मागणीपत्र हा वेगळा कागद नाही.

याचा अर्थ धानपट्ट्यात नीट कळतो. जगभरच्या मालाला क्रमांक देणाऱ्या एचएसएन यादीत धान १००६१०, तांदूळ १००६३० आणि कनकी १००६४० आहे. पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी शोधलेला एचएमटी आणि दुसरा कुठलाही पांढरा तांदूळ तिथे एकच. करासाठी एवढे पुरते, सौद्यासाठी पुरत नाही. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकीटबंद तांदळावर ५ टक्के कर आहे, म्हणून त्याला साचा आहे. सुटे धान करमुक्त, म्हणून त्याला ना ई-वे बिल, ना ई-इन्व्हॉइस.

प्रत्येक प्रमाण आपल्या जन्मदात्याची गरज अंगावर घेऊन येते. गिल्बर्टना माल पोचवायचा होता, मोठ्या दुकानांना पुरवठादार बांधून घ्यायचे होते, आपल्या सरकारला कर हवा होता. धान विकणाऱ्याची गरज अजून कोणत्याच प्रमाणाची जन्मदाती झालेली नाही. मिलमध्ये धान घातल्यावर त्याच्या हाती येते ती काट्याची पावती. तिच्यावर वाण, ओलावा आणि भाव ठरलेल्या जागी, ठरलेल्या नावाने लिहिण्याचा नियम झाला, तरी पुष्कळ होईल. त्याला संगणकही लागत नाही. हुंडीला कुठे लागला होता?