एकरुखचा तलाव आणि यलोस्टोनची जलरंगचित्रे

इ. स. १८७१ च्या उन्हाळ्यात भूगर्भशास्त्रज्ञ हेडन यांच्या सरकारी पाहणी पथकाबरोबर थॉमस मोरन हा चित्रकार अमेरिकेतील रॉकी पर्वतराजीत गेला आणि यलोस्टोनचा जलाशय, त्यामागील शिखरे व उष्णोदकाची कुंडे त्याने जलरंगांत उतरविली. त्याच वर्षी सोलापूरच्या उत्तरेस आदिला नदीवर पाच वर्षे चाललेले एकरुख तलावाचे बांधकाम पुरे झाले. मोरनच्या चित्रांची कीर्ती जगभर पसरली; आपल्या तलावाची नोंद मात्र पाटबंधारे खात्याच्या दफ्तरातच राहिली.

मोरनच्या सोबतीस विल्यम हेन्री जॅक्सन हा छायाचित्रकार होता. परंतु त्या काळच्या छायाचित्रास रंग नव्हता, आणि गंधकाने पिवळे पडलेले खडक काळ्यापांढऱ्या कागदावर कोणास पटणार! ती उणीव जलरंगांनी भरून काढली. ओल्या कागदावर पातळ रंगाचा एकच हात फिरवून आकाश साधावे आणि पाण्यावरील चकाकीच्या जागी कागद कोराच सोडावा, ही या माध्यमाची किमया. मोरनची चित्रे व जॅक्सनची छायाचित्रे लोकप्रतिनिधींपुढे मांडण्यात आली, आणि १ मार्च १८७२ रोजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या स्वाक्षरीने तो मुलूख राष्ट्रीय उद्यान म्हणून कायमचा राखून ठेवण्यात आला.

एकरुखची निकड निराळी होती. जेथे वर्षाकाठी वीस-बावीस इंच पाऊस आणि तोही लहरी, जेथे एक मृग कोरडा गेला की रयतेने गुरे सोडून द्यावीत, त्या मुलखात पाणी अडविणे हाच धर्म होता. बाराव्या शतकात सोलापुरात संत सिद्धरामेश्वरांनी तलाव खोदविला तोही याच भावनेने, अशी येथील श्रद्धा आहे. इंग्रजी अंमलात १८६० मध्ये आगगाडी आली, १८६६ मध्ये एकरुखचे काम सुरू झाले, आणि ते पुरे होऊन पुरती सहा वर्षेही लोटली नाहीत तोच १८७६ चा महादुष्काळ पडला. पुढे गिरण्यांनी वाढलेल्या या शहरालाही याच तलावाने पाणी पाजले.

तरीही जलरंगांचा आणि या मुलखाचा संबंध अगदीच नव्हता, असे नाही. त्या काळचे इंजिनिअर नकाशेही जलरंगांनीच भरीत. पाण्यास निळी, बांधकामास तांबूस छटा देत. येथून जेमतेम तीस मैलांवरील नळदुर्गास १८५३ पासून काही वर्षे कारभार पाहणारा मेडोज टेलर हा तर हौशी चित्रकार होता. दख्खनमधील त्याची रेखाटने १८३७ मध्येच लंडनला प्रसिद्ध झाली होती. आणि पुढे कोल्हापुरात आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थाच्या काठी बसून जलरंगांत जे साधले, त्यावरून हेच सिद्ध होते की गावाकाठचे साधे पाणीही थोर चित्राचा विषय होऊ शकते.

आपल्याकडे हिमाच्छादित शिखरे नाहीत, ही सबब मला मान्य नाही. बार्शीकडे बालाघाटाच्या निळसर रांगा आहेत. एकरुखच्या काठी काळी जमीन, पिवळे माळ आणि हिवाळ्यात उतरणारे परदेशी पक्षी आहेत. तलावाचा हिशेब आपण किती पाणी साठले, किती सोडले आणि किती आटले, एवढाच ठेवीत आलो. तो कसा दिसतो, याचा हिशेब कोणी मागितला नाही. ज्याकडे डोळे भरून पाहिले जाते, त्याच्या रक्षणासाठी माणसे उभी राहतात, हे यलोस्टोनने दाखवून दिले आहे. म्हणून आमच्या शाळांतील चित्रकलेच्या शिक्षकांनी मुलांना काश्मीरच्या छापील चित्रांच्या नकला करावयास लावण्याऐवजी हिपरग्याच्या, म्हणजे याच एकरुख तलावाच्या, बांधावर नेऊन बसवावे. गाळ, सांडपाणी आणि अतिक्रमण यांच्या तक्रारींचे अर्ज तर करावेतच. परंतु तलाव वाचविणारी पिढी घडवावयाची असेल, तर आधी तिला तो पाहावयास शिकविले पाहिजे.