पेटीबाहेरचे यंत्र : नवशिक्या फाळके आणि नाशिक

दादासाहेब फाळके यांच्या नावामागे 'भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक' ही उपाधी इतकी घट्ट चिकटली आहे की तिच्या आड उभा असलेला नवशिक्या माणूस आपल्याला दिसेनासा झाला आहे. जनकाला शिकावे लागत नाही, तो फक्त जन्म देतो, अशी काहीशी समजूत या शब्दात दडलेली असते. वास्तविक वयाची चाळिशी उलटलेला हा गृहस्थ परक्या देशात बनलेले एक यंत्र घरात आणतो, ते खोलून पाहतो, बायकामुलांसह त्याच्याशी झटापट करतो आणि अखेर आपल्याला हवे तेथे, हवे तसे चालायला लावतो. फाळक्यांचा खरा इतिहास या झटापटीचा आहे, आणि त्याचा मोठा भाग नाशिकमध्ये घडला.

या घटनेकडे पाहण्यासाठी अगदी वेगळ्या काळातले एक उदाहरण उपयोगी पडेल. १९७७ साली बाजारात आलेला 'अटारी २६००' हा व्हिडिओ गेमचा कन्सोल घरातल्या दूरदर्शन संचाला जोडून खेळायचा. भिंतीतली वीज आणि समोरचा संच यांच्याशी तो बांधलेला असे. अमेरिकेतील बेन हेकेंडॉर्न या तरुणाने २००० साली या कन्सोलचे अंतरंग बाहेर काढून ते बॅटरी आणि छोट्या पडद्यासह हातात मावेल अशा खोक्यात बसवले. पुढे जगभरच्या हौशी नवशिक्यांनी हा मार्ग धरला. अशा प्रत्येक नवशिक्याला तीन प्रश्न सोडवावे लागतात. शक्ती कोठून आणायची? चित्र कशावर उमटवायचे? आणि सारा डोलारा हाताला पेलेल एवढा कसा करायचा? चलच्चित्राच्या आरंभकाळी हेच तीन प्रश्न उभे होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

एडिसनच्या कंपनीचा कायनेटोस्कोप १८९४ साली लोकांपुढे आला तो लाकडी कपाटाच्या रूपात. आत विजेच्या मोटारीवर फीत फिरे आणि वरच्या भोकाला डोळा लावून एका वेळी एकाच माणसाने ती पाहायची. चित्रीकरणाचे यंत्र तर एवढे अवजड होते की दृश्यालाच यंत्रापाशी यावे लागे. ल्यूमिएर बंधूंनी १८९५ मध्ये हे गणित उलटे केले. त्यांचा सिनेमॅटोग्राफ सुमारे पाच किलो वजनाचा होता, तो हाताच्या दांड्याने फिरे, आणि चित्रण, प्रतिमुद्रण व प्रक्षेपण ही तिन्ही कामे एकाच पेटीत होत. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये झालेला खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात पोहोचला, याचे बरेचसे श्रेय या हलकेपणाला द्यावे लागेल.

महाराष्ट्राला फिरते चित्र अगदीच अपरिचित होते असे मात्र नाही. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ करू लागले होते. काचेवर हाताने रंगवलेली पुराणातली चित्रे पडद्यावर सरकत आणि सोबत निवेदन चाले. शंबर हा मायावी असुर; त्याच्या नावावरून आलेला 'शांबरिक' हा शब्द परदेशी दिव्याला चिकटवताना पटवर्धनांनी यंत्राला आपल्या परंपरेत जागा करून दिली. यंत्र आपलेसे करण्याची पहिली पायरी अनेकदा भाषेची असते. वॉटसन हॉटेलातल्या त्या खेळांनी भारावलेले हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डन्समध्ये कुस्तीचे चित्रण केले. परंतु ती फीत धुण्यासाठी विलायतेला गेली, असे नोंदले गेले आहे. डोळा येथे होता, पण प्रयोगशाळा तेथे होती. हे अंतर कोणीतरी ओलांडायला हवे होते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी, एका संस्कृतज्ञाच्या घरात झाला. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय, बडोद्याचे कलाभवन, छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यातली आरेखनाची नोकरी आणि छपाईचा व्यवसाय असा त्यांचा प्रवास आहे. वरवर तो धरसोडीचा वाटतो. पण प्रतिमा कशी उमटते आणि तिच्या प्रती कशा निघतात, हे एकच कुतूहल त्याच्या मुळाशी आहे. 'लाइफ ऑफ क्राइस्ट' हा चित्रपट मुंबईत पाहिल्यावर या कुतूहलाला विषय मिळाला. नंतर त्यांनी छोटा कॅमेरा आणि काही फिती मिळवल्या. मेणबत्तीचा उजेड बहिर्गोल भिंगातून सोडून ते रात्री घरच्या भिंतीवर चित्रे पाडू लागले. मेणबत्ती, भिंग आणि भिंत : आपल्या तीन प्रश्नांना नवशिक्याने दिलेली ही पहिली उत्तरे होत. ही उत्तरे स्वस्त नव्हती. चित्रपट पाहण्याच्या आणि रात्रीच्या जागरणाच्या ताणाने त्यांची दृष्टी काही काळ गेली होती.

१९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. चित्रपटविषयक साप्ताहिकाच्या संपादकांची भेट, निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत थोडे दिवस निरीक्षण, आणि विल्यमसन कॅमेऱ्याची व फितीला भोके पाडणाऱ्या यंत्राची खरेदी, एवढ्या शिदोरीवर ते एप्रिलच्या आरंभी परतले. ज्याला रीतसर शिक्षण म्हणता येईल ते जेमतेम दोन आठवड्यांचे होते. त्यानंतर कुंडीतल्या वाटाण्याच्या कोंबाची थोडीथोडी चित्रे दिवसामागून दिवस टिपून त्यांनी वाढत्या वेलाची छोटी फीत तयार केली आणि ती दाखवून भांडवल मिळवले. पुराणकथेच्या या चित्रकर्त्याची पहिली नायिका अशी एक वेल होती.

या कामातला अर्धा वाटा सरस्वतीबाई फाळके यांचा आहे. कच्ची फीत भोकांविना येई. अंधारात, केवळ बोटांच्या अंदाजाने, तिच्या कडेला सारख्या अंतरावर भोके पाडावी लागत. हे काम सरस्वतीबाईंनी शिकून घेतले. रसायने मिसळणे, फीत धुणे हेही केले आणि चित्रण चालू असताना मंडळींचा स्वयंपाकही सांभाळला. भोके वेडीवाकडी पडली तर पडद्यावरचा राजा हरिश्चंद्र थरथरणार, एवढा या अनाम श्रमाचा आणि कलाकृतीचा संबंध थेट होता. आपल्या समीक्षेने 'दिग्दर्शक' हा शब्द लेखकाच्या धर्तीवर घडवला आणि भोके पाडणारे हात घरकामात जमा केले. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात प्रदर्शित झाला. इतिहासाने ती तारीख जपली. अंधारातल्या त्या रात्रींची मोजदाद कोणी ठेवली नाही.

त्याच वर्षी फाळक्यांनी आपला पसारा नाशिकला हलवला. यामागे केवळ जन्मभूमीची ओढ होती असे मानण्याचे कारण नाही. त्या काळचे चित्रण सूर्यप्रकाशावर चाले. शक्तीचा प्रश्न सूर्य आणि कॅमेऱ्याचा दांडा फिरवणारा हात मिळून सोडवीत. गोदावरीचे घाट, मंदिरे, डोंगर आणि मोकळे आकाश असलेले नाशिक म्हणजे भाडे न आकारणारा स्टुडिओच होता. 'मोहिनी भस्मासुर', 'सत्यवान सावित्री', 'लंकादहन' हे चित्रपट या काळातले. १९१८ मध्ये येथेच हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. कलावंत व कामगार एका मोठ्या कुटुंबासारखे एकत्र राहत. एडिसनच्या यंत्रापाशी दृश्याला जावे लागत होते. नाशकात यंत्र कथेच्या भूमीत उतरले.

साहित्याच्या अभ्यासकांनी येथे एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. फाळके यांनी १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकात 'भारतीय चित्रपट' ही लेखमाला लिहिली. ती सामान्यतः चरित्राचे साधन म्हणून वाचली जाते. परंतु मराठीत यंत्रविद्या शिकणाऱ्या माणसाचे प्रथमपुरुषी गद्य म्हणूनही ती वाचता येईल. आपल्या आत्मचरित्रांना सुधारक, संत, नट परिचित आहेत. यंत्रासमोर अडलेला आणि त्या अडण्यातून वाट काढणारा 'मी' मात्र दुर्मिळ आहे. त्या 'मी'ची आपण वेगळी दखल घेतली नाही, कारण कारागिरीचे लेखन साहित्यात मोडत नाही, असा आपला जुना ग्रह आहे.

या दुर्लक्षाची किंमत आपण मोजली आहे. नायट्रेटची फीत चटकन पेट घेणारी. 'राजा हरिश्चंद्र'ची प्रत बैलगाडीतून एका चित्रपटगृहाकडून दुसरीकडे नेताना जळाली आणि म्हणून फाळक्यांना तो १९१७ मध्ये पुन्हा करावा लागला, असे सांगितले जाते. जी गोष्ट वाहून नेता येण्यासाठी एवढा खटाटोप झाला, तिचा घात वाहून नेण्यातच व्हावा, यात एक क्रूर न्याय आहे. चार रिळांपैकी आज पहिले आणि शेवटचे तेवढे उपलब्ध आहे, आणि तेही मूळचे की नंतरचे याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. जे उरले ते पुष्कळसे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायर यांच्या चिकाटीमुळे.

बोलपट आल्यावर फाळके मागे पडले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी आज त्यांचे स्मारक आहे. स्मारके जनकांची होतात. नवशिक्यांची होत नाहीत. परंतु एखादा विद्यार्थी आज जुन्या कन्सोलचे स्क्रू काढून, तार कोठून कोठे जाते हे बोटाने शोधू लागतो, तेव्हा तो मेणबत्ती, भिंग आणि भिंत यांच्याच वंशातला असतो. त्याच्या खटाटोपाला आपण 'उद्योग नाही' म्हणून हिणवतो, की त्याची भाषा ऐकून घेतो, यावर आपल्या संस्कृतीचा पुढचा इतिहास कोण लिहील हे ठरेल.