यकृताचा कर्करोग : प्रारंभिक अवस्थेतील उपचार

यकृताच्या पेशींतच सुरू होणारा कर्करोग (हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा) लवकर सापडला, तर बरा होऊ शकतो. गाठ एकच किंवा प्रत्येकी ३ सेंमी.पर्यंतच्या फार तर तीन गाठी, रक्तवाहिन्यांत शिरकाव नाही, यकृताबाहेर प्रसार नाही, यकृताचे काम शाबूत आणि रुग्ण हिंडता-फिरता : बार्सिलोना वर्गीकरणात ही प्रारंभिक अवस्था. या काळात सहसा काहीच त्रास होत नाही. त्यामुळे हिपॅटायटिस बी व सी, दारू किंवा साचलेली चरबी यांमुळे सिरोसिस (यकृत निबर होणे) झालेल्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घेणे आवश्यक ठरते.

उपचार ठरतो तो गाठीइतकाच उरलेल्या यकृतावर. निरोगी यकृताचा निम्म्याहून अधिक भाग कापला तरी ते पुन्हा वाढते. सिरोसिसने निबर झालेल्या यकृताला हे झेपत नाही. म्हणून गाठ कापून काढण्याची शस्त्रक्रिया मुख्यतः ज्यांचे बिलिरुबिन (कावीळ आणणारे रंगद्रव्य) नेहमीइतके असते आणि यकृताकडे रक्त आणणाऱ्या पोर्टल शिरेतला दाब वाढलेला नसतो, त्यांच्यावर होते. तरीही मागे राहणारे यकृत रोगटच असते. पाच वर्षांत सुमारे ७० टक्क्यांपर्यंत रुग्णांना पुन्हा गाठ होते. कधी ती जुन्याच कर्करोगाची, कधी अगदी नवी.

लहान गाठ न कापता जाळता येते. सोनोग्राफीत पाहत त्वचेतून सुई गाठीत नेतात आणि रेडिओलहरींनी किंवा मायक्रोवेव्हने तिथले तापमान वाढवतात. २ सेंमी.पर्यंतच्या गाठीत हा उपाय शस्त्रक्रियेच्या तोडीचा मानतात. मात्र गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटून असेल, तर वाहते रक्त उष्णता ओढून नेते आणि ती कड जिवंत राहू शकते.

यकृताच्या प्रत्यारोपणात गाठ आणि सिरोसिस दोन्ही जातात. सुरुवातीच्या काळात मात्र कर्करोग वारंवार उलटत असल्याने हा मार्ग जवळजवळ बदनाम झाला होता. मिलान येथील विन्चेंझो माझाफेरो व सहकाऱ्यांनी रुग्ण काटेकोरपणे निवडले : ५ सेंमी.पर्यंतची एक गाठ, किंवा प्रत्येकी ३ सेंमी.पर्यंतच्या फार तर तीन. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४८ रुग्ण होते. त्यांच्यात चार वर्षे जगण्याचे प्रमाण ७५ टक्के निघाले. शस्त्रक्रियेचे तंत्र तेच होते, बदलली ती निवड. हेच ‘मिलान निकष’ आजही आधारभूत आहेत. योग्य निवड झालेल्यांत प्रत्यारोपणानंतर पाच वर्षे जगण्याचे प्रमाण सुमारे ७० टक्के असते.

हे निकष मृत दात्यांच्या मोजक्या यकृतांचे वाटप करतानाही वापरले जातात. भारतात बहुतेक प्रत्यारोपणे नात्यातल्या जिवंत दात्याच्या यकृताचा भाग घेऊन होतात. तिथे प्रतीक्षायादीतल्या दुसऱ्या कुणाचा वाटा जात नाही, म्हणून काही केंद्रे गाठीच्या आकाराची मर्यादा थोडी सैल करतात. पण मग धोक्याच्या हिशेबात धडधाकट दात्याची शस्त्रक्रियाही धरावी लागते.